काहिलीच्या बुडाला अडलेला जाळ

कोल्हापूर भागात गुऱ्हाळं सुरू झाली, की एक तक्रार हमखास ऐकू येते. चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, भरपूर जळतंय, पण रस आटत नाही. मग दोष जातो पत्र्याला. काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, फार जाड आहे म्हणे, तांब्याची असती तर कढ लवकर आला असता!

हिशोब करून बघू. फ्रेंच गणिती फुरियेने 1822 साली मांडलेल्या नियमानुसार उष्णतेचा प्रवाह तीन गोष्टींवर ठरतो : दोन्ही बाजूंच्या तापमानांतला फरक, थराची जाडी आणि पदार्थाची वाहकता. वाहकतेचे ढोबळ आकडे (वॉट प्रति मीटर प्रति अंश) असे : तांबं 400, साधं पोलाद 50, स्टेनलेस 16, पाणी 0.6, काजळी सुमारे 0.1.

काहिलीच्या दर चौरस मीटरमधून 25 किलोवॉट उष्णता आत जाते असं धरू. चार मिलिमीटर पोलादी पत्र्याच्या वरच्या-खालच्या बाजूंत त्यासाठी फक्त 2 अंशांचा फरक लागतो. तांबं घातलं तर पाव अंश. म्हणजे एवढा खर्च करून वाचले पावणेदोन अंश. पण बुडाला एक मिलिमीटर काजळी धरली, तर तेवढीच उष्णता त्या थरातून ढकलायला 250 अंश लागतात. एक मिलिमीटर काजळी म्हणजे अर्धा मीटर जाडीचं पोलाद! चिपाड ओलसर असलं की धूर जास्त आणि काजळीही जास्त. म्हणून ते कडक वाळवायचं आणि काहील गार असताना बूड खरवडून घ्यायचं.

आतल्या बाजूचं दुखणं वेगळं. रस पातळ असतो तोवर खळखळ उकळी तळाची उष्णता वर नेते. पाक दाटला की ती मंदावते, आणि दाट पाकाची वाहकता पाण्याहूनही कमी, 0.4च्या आसपास. गूळ उतरायच्या वेळी पाक साधारण 118 अंशांवर असतो, पण पत्र्यालगतचा थर ढवळला नाही तर त्याहून बराच तापतो आणि करपतो. गूळ काळपट पडतो तो इथेच. म्हणून गुळव्याचा हात शेवटी थांबत नाही आणि जाळ आधीच ओढलेला असतो. चुलवाणाच्या तापलेल्या विटा त्यानंतरही उष्णता देत राहतात, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. त्याच कारणाने रिकामी काहील चुलवाणावर ठेवू नये. उष्णता घ्यायला रस नसला की पत्रा वाकतो.

बूड लख्ख असलं तरी सगळ्यात मोठा अडसर उरतोच : पत्र्याला लगटून असलेला तापलेल्या वायूंचा थर. सुधारित काहिलींच्या बुडाला पोलादी पट्ट्या जोडतात त्या याच्यासाठी. जाळाकडचं क्षेत्रफळ वाढतं. मात्र पट्ट्यांच्या बेचक्यांत काजळी लवकर साठते, तेव्हा खरवडणी अरुंद पात्याची हवी.