सोळाव्या दिवसाचा नकाशा

विदर्भात वाढलेल्या माणसाला ४० अंशांचं अप्रूप नसतं. अकोल्यात एप्रिलमध्ये पारा तिथवर गेला की लोक ‘तापायला लागलं बरं का’ एवढंच म्हणतात आणि कूलर पुसायला घेतात. त्यामुळे जुलै २०२२ मध्ये इंग्लंडमधले हवामानवेडे ४० या आकड्यावरून हमरीतुमरीवर आलेले पाहून मला आधी हसूच आलं. भांडणाचं कारण कळलं तेव्हा हसू ओसरलं.

त्यांच्यासमोर आठवडा-दहा दिवसांनंतरच्या एका दुपारचा, संगणकाने काढलेला अंदाजाचा नकाशा होता आणि त्यात इंग्लंडवर ४० च्या वरचे आकडे होते. त्या देशात तोवर मोजलेलं सर्वाधिक तापमान होतं ३८.७ अंश, २५ जुलै २०१९ रोजी केंब्रिजच्या वनस्पती उद्यानातलं. नकाशा सांगत होता ते तिथे कधी घडलंच नव्हतं. मग तो खरा धरायचा, की यंत्राला चळ लागला म्हणून सोडून द्यायचा? या प्रश्नाशी मी स्वतः दर उन्हाळ्यात झटतो, म्हणून मी त्या भांडणात गुंतून पडलो.

पूर्वी हवामानवेडा म्हटलं की अंगणात पर्जन्यमापक ठेवून वहीत नोंदी करणारा माणूस डोळ्यांपुढे यायचा. आता त्याच्या हाताशी अमेरिकेचं जीएफएस हे मॉडेल असतं, तेही फुकट. ग्रीनिचच्या घड्याळाने मध्यरात्री, सकाळी सहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला, असं दिवसातून चारदा ते जगभरच्या हवेची ताजी स्थिती घेतं आणि पुढच्या १६ दिवसांचं गणित मांडतं. साडेतीनेक तासांनी नकाशे उमटायला लागतात. या प्रत्येक फेरीला ‘रन’ म्हणतात. संध्याकाळच्या रनचे नकाशे ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात रात्री साडेदहानंतर येतात, लोक पबमध्ये रंगात आलेले असतात त्या वेळी. म्हणून त्याचं नाव ‘पब रन’. त्यात काही अचाट दिसलं की मॉडेल आज जरा जास्तच झोकून आलंय, असं म्हणायची रीत आहे. आमच्याकडे दुपारचा रन रात्री नऊच्या सुमारास, जेवणं आटोपताना येऊ लागतो. त्याला खास नाव नाही. ‘झालं याचं सुरू’ असं घरात म्हणतात, तेच त्याचं नाव समजा.

या मंडळींचा आणखी एक शब्द मला फार आवडतो: ‘फँटसी आयलंड’. नकाशे जसजसे पुढच्या दिवसांकडे सरकतात, तसा एक टप्पा येतो जिथून पुढे सगळं कल्पनेच्या बेटावर घडतं. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत मॉडेलचं बोट धरून चालता येतं. दहाव्या दिवशी पाय चाचपडायला लागतात. सोळाव्या दिवसाच्या नकाशात मुंबईवर चक्रीवादळ दिसलं तर ते कौतुकाने पाहावं आणि झोपावं. पुढच्या रनमध्ये ते बहुधा ओमानकडे निघालेलं असतं, नाहीतर जन्मालाच आलेलं नसतं.

असं का होतं याचं उत्तर १९६१ पासून माहीत आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावर चालवलेलं हवेचं एक गणित अर्ध्यातून पुन्हा चालवायचं ठरवलं. संगणकाच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७, छापील कागदावर होता ०.५०६. त्यांनी कागदावरचा टंकला. थोडा वेळ दोन्ही गणितं जोडीने चालली, मग फाटे फुटले आणि शेवटी त्यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. हवेची आजची स्थिती आपल्याला कधीच शेवटच्या दशांशापर्यंत ठाऊक नसते. समुद्रावर, वाळवंटावर मोजणारी यंत्रं विरळ असतात. ती चूक रोज वाढत जाते.

यावरचा तोडगा मला गणितापेक्षा व्यवहारी शहाणपणाचा वाटतो. एकच अंदाज काढण्याऐवजी सुरुवातीच्या आकड्यांत मुद्दाम बारीक फरक करून तेच मॉडेल कितीतरी वेळा चालवायचं. इंग्लंडमधल्या रेडिंग गावी स्थापन झालेलं युरोपीय हवामान केंद्र असे ५१ अंदाज एकदम काढतं, जीएफएसच्या घराण्यात ३१ असतात. ते आलेखावर एकावर एक काढले की पहिले चार-पाच दिवस सगळ्या रेषा शेवयांच्या जुडीसारख्या एकत्र असतात आणि पुढे त्या विस्कटतात. जाणता माणूस सर्वात वरची रेषा पाहून नाचत नाही. जुडी कुठे सुटते, सुटल्यावर किती रेषा वर राहतात, पुढच्या रनमध्ये त्या वाढल्या की घटल्या, हे तो पाहतो. आणि नवखा? तो सर्वात लाल नकाशाचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. मीही पाठवले आहेत.

२०२२ च्या जुलैत आधी अशाच मोजक्या रेषा ४० च्या वर गेल्या होत्या. जुन्या खोडांनी त्या झटकल्या. त्यांचा अनुभव रास्त होता: ब्रिटनची उष्णतेची लाट नेहमीच ‘दहा दिवसांवर’ असते आणि दहा दिवसांनीही ती दहा दिवसांवरच असते. पण या वेळी रेषा वितळल्या नाहीत. रन मागून रन त्यांची संख्या वाढत गेली आणि तारीख जवळ येत राहिली. एकट्या मॉडेलच्या मोठ्या आकड्यापेक्षा हे सातत्य महत्त्वाचं असतं. मुरलेले लोक इथे कान टवकारतात.

मग दुसरी कसोटी: आकडा ज्या कारणांनी येतोय ती कारणं पटण्यासारखी आहेत का?

हवामानवेडे जमिनीवरचं तापमान पाहण्याआधी ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचं पाहतात. ही पातळी साधारण दीड किलोमीटर उंचीवर असते. आपल्या हिशेबाने महाबळेश्वरच्या थोडी वर आणि कळसूबाईच्या माथ्याच्या थोडी खाली. तिथे दिवसरात्रीच्या उन्हाचा खेळ कमी पोचतो, त्यामुळे आलेल्या हवेचा मूळ स्वभाव कळतो. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक चटके देतं, तसंच हे. दीड किलोमीटरवर २५ अंश असतील आणि भर दुपारी जमिनीपर्यंतची हवा घुसळून एकजीव झाली असेल, तर खाली ४० होतात. तोंडी हिशेब आहे. ब्रिटनवर त्या पातळीला २० अंशांची हवा येणंसुद्धा दुर्मीळ.

ती यायला वाट हवी. त्या जुलैत पोर्तुगालच्या बाजूच्या अटलांटिकवर कमी दाबाचं एक क्षेत्र मुख्य प्रवाहापासून तुटून रेंगाळलं होतं. उत्तर गोलार्धात कमी दाबाभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून त्याच्या पूर्व अंगाने आफ्रिका आणि स्पेनकडची तापलेली हवा उत्तरेला ढकलली जात होती. युरोपवर जास्त दाबाचा फुगवटा बसला होता. त्याच्याखाली हवा सावकाश खाली दबत होती, ढग धरत नव्हते आणि ऊन सरळ जमिनीवर पडत होतं.

आणि जमीन कोरडी होती. हे कारण पुस्तकात शेवटी येतं, पण वऱ्हाडातल्या वाचकाला ते सर्वात आधी कळेल. कूलरमध्ये पाणी आहे तोवर तोच पंखा गारवा देतो. टाकी रिकामी झाली की तोच गरम हवा फेकतो. ओल्या जमिनीवर पडलेल्या उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो. जमीन सुकली की तो सगळा हवा तापवण्यात जातो. २०२२ चा जुलै हा इंग्लंडमध्ये १९३५ नंतरचा सर्वात कोरडा जुलै ठरला. टाकी रिकामीच होती.

१५ जुलैला ब्रिटनच्या हवामान खात्याने अतिउष्णतेचा लाल इशारा दिला, त्या देशाच्या इतिहासातला पहिला. ४० ओलांडण्याची शक्यता ५० टक्के आणि जुना विक्रम मोडण्याची ८० टक्के, असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडे अंदाज असा टक्क्यांत आला की ‘म्हणजे यांना नक्की माहीत नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. माझं मत उलटं आहे: किती माहीत नाही हे आकड्यात सांगता येणं, हीच त्या खात्याची सर्वात मोठी कमाई.

१९ जुलैच्या दुपारआधीच सरे परगण्यातल्या चार्लवूडला ३९.१ ची नोंद झाली आणि केंब्रिजचा विक्रम गेला. एकच्या आत हीथ्रोने ४०.२ गाठले. अखेरीस सर्वात वर राहिलं लिंकनशरमधलं कोनिंग्सबी, ४०.३ अंश. जुना विक्रम एकूण ४६ केंद्रांवर मोडला होता.

कोनिंग्सबी हा हवाई दलाचा तळ आहे. त्यामुळे विमानांच्या धुराड्यांनी पारा चढला असेल, अशी कुरबूर लगेच सुरू झाली. विक्रमावर शंका घेणं हा या छंदाचा धर्मच आहे, म्हणून त्यात मला गैर वाटत नाही. पण उत्तर शेजाऱ्यांकडे मिळतं. लंडनमधल्या क्यूच्या बागेत ४०.१ होते, सेंट जेम्स पार्कमध्ये ४०.२. तिथे विमानं उतरत नाहीत.

शेजाऱ्यांना विचारायची ही सवय आपल्याकडे मे २०२४ मध्ये फार उपयोगी पडली असती. २९ मे रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवले आणि देशभर हाकाटी झाली. दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ झळकले. माझ्या फोनवर तो आकडा अकरा जणांकडून आला. आसपासच्या केंद्रांवर एक नजर टाकली असती तरी कळलं असतं की एकाच शहरात, एकाच उन्हात एवढा फरक पडत नाही. मुंगेशपूरचं यंत्र तपासणीत ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं आणि नागपूरचा आकडा बिघाड म्हणून बाद झाला. भारताचा विक्रम आजही राजस्थानातल्या फलोदीचा आहे: ५१ अंश, १९ मे २०१६. तापमान मोजतात ते सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत. गाडीच्या काचेमागे दिसणारे ४९ हे गाडीचं तापमान असतं.

लाट कशाला म्हणायचं, हेही गावागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये परगण्याप्रमाणे २५ ते २८ अंशांची मर्यादा सलग तीन दिवस गाठली की उष्णतेची लाट. आपल्या हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात पारा किमान ४० ला पोचावा लागतो आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर असावा लागतो. ४५ झाले तर सरासरी न पाहताही लाट धरतात. कोकण किनाऱ्यासाठी ही पायरी ३७ ची आहे आणि ते योग्यच आहे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. ३७ अंशांची मुंबई आणि ४३ अंशांचं चंद्रपूर यात कोण जास्त हाल करतं, यावर दोन्हीकडचे लोक आयुष्यभर भांडू शकतात.

मग इंग्लंडात ४० ने एवढं काय बिघडलं? तिथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली असतात. छताला पंखा नसतो, खिडकी पुरती उघडत नाही. आदल्या दिवशी लुटन विमानतळाची धावपट्टी उष्णतेने उखडली होती. १९ तारखेला पूर्व लंडनच्या वेनिंग्टन गावात आग घरांत शिरली आणि लंडनच्या अग्निशमन दलासाठी दुसऱ्या महायुद्धानंतरचा सर्वात धावपळीचा दिवस उजाडला. त्या उन्हाळ्यातल्या पाच उष्ण टप्प्यांत इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा २,९८५ मृत्यू जास्त झाल्याचा सरकारी अंदाज आहे.

इथे हवामानवेड्याला थोडं खजील व्हायला होतं. पडद्यावर आकडा ३९.९ वर अडकलेला असताना ‘अजून थोडा, अजून थोडा’ असं मनात कोण म्हणत होतं, ते त्याला माहीत असतं.

जुन्या खोडांचं चुकलं कुठे, यावर मी बराच विचार केला. ‘एवढं कधी होत नाही’ हा त्यांचा नियम जुन्या नोंदींवर बेतलेला होता. ती चाळणी वर्षानुवर्षं कामाला आली, कारण हवामान त्या नोंदींच्या चौकटीत राहत होतं. आता चौकटच सरकली आहे. माणसाने वाढवलेल्या उष्णतेमुळे ही लाट किमान दहापट अधिक संभवनीय झाली, असं शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याच महिन्यात मांडलं. मॉडेलकडे आठवणी नसतात, त्यामुळे ‘कधी होत नाही’ म्हणून ते बिचकत नाही. हाच त्याचा दोष, आणि त्या जुलैत हाच त्याचा गुण ठरला.

ब्रिटनच्या हवामान खात्याने २०२० मध्ये २३ जुलै २०५० या तारखेचा एक काल्पनिक अंदाज प्रसिद्ध केला होता. पुढचे उन्हाळे कसे असतील ते लोकांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच हेतू. त्यात दक्षिण इंग्लंडवर ४० चा आकडा होता. १९ जुलै २०२२ चा खराखुरा नकाशा त्याच्याशेजारी ठेवला की दोन्हींत कमालीचं साम्य दिसतं.

काल रात्री नऊच्या रनमध्ये विदर्भावर ४८ दिसत होते, पंधराव्या दिवशी. ऐन नवतपा. ३१ रेषांपैकी जेमतेम दोन तिथवर पोचत होत्या, बाकीच्या ४३ ते ४५ मध्ये घुटमळत होत्या. कुणाला पाठवलं नाही. सकाळी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या मात्र बदलून घेतल्या.