नेटवर्क कार्ड आणि कच्चा कर्नल

चाचणीच्या टप्प्यातला कर्नल लॅपटॉपवर चढवला, मशीन सुरू झालं, पडदा आला, आवाज आला, फक्त नेट नाही. अशा वेळी बहुतेक जण कार्डाला दोष देऊन मोकळे होतात. कार्ड बिचारं सहसा निर्दोष असतं.

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा हार्डवेअरशी थेट बोलणारा गाभा. लिनक्समध्ये त्याची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. पहिल्या दोन आठवड्यांत नवे बदल आत घेतले जातात आणि पुढे दर आठवड्याला एक ‘आरसी’, म्हणजे उमेदवार आवृत्ती, निघत राहते. मधल्या काळात काहीही मोडलेलं असू शकतं, आणि ते शोधून काढणं हाच या आरसींचा उद्देश.

आधी बघायचं ते एवढंच, की कर्नलला कार्ड दिसतंय का. पीसीआय बस, म्हणजे कार्डं मशीनला जोडणारी वाट, तिच्यावरचं प्रत्येक उपकरण आपली ओळख दोन आकड्यांत सांगतं. एक आकडा बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. इंटेलचा आकडा ८०८६ आहे. त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचंच नाव, तेव्हा हा योगायोग नसणार. कोणते आकडे आपण चालवू शकतो याची यादी प्रत्येक ड्रायव्हरकडे, म्हणजे कर्नलच्या वतीने उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, असते. जुळलं की तो कार्डाचा ताबा घेतो. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा हे आकडेही दाखवते आणि ताबा कोणाकडे आहे तेही. कार्ड दिसतंय पण ड्रायव्हरचं नाव नाही, असं असेल तर बहुधा कर्नल बांधताना तो ड्रायव्हर निवडायचा राहिला आहे. किंवा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरून आणलेला आहे. लिनक्सची आतली फंक्शनं आवृत्तीगणिक बदलतात, ती तशीच राहतील अशी हमी कोणी देत नाही, आणि असे बाहेरचे ड्रायव्हर नेमके तिथे अडतात.

ड्रायव्हरने ताबा घेतला आणि तरीही नेट नाही? मग ‘डीमेसेज’, म्हणजे कर्नलची नोंदवही, वाचायची. बहुतेक वाय-फाय कार्डांत स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, दर वेळी मशीन सुरू होताना डिस्कवरून कार्डात भरावा लागतो. नोंदवहीत फर्मवेअर भरता आलं नाही, ‘एरर -२’, असं दिसलं की घाबरून जायचं कारण नाही. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही, बस्स. इथे एक गंमत आहे. इंटेलचा वाय-फाय ड्रायव्हर फर्मवेअरच्या सर्वांत नव्या आवृत्तीपासून मागायला सुरुवात करतो आणि मिळेपर्यंत एकेक पायरी खाली येतो. त्यामुळे अशा चार-पाच ओळी ओळीने दिसल्या आणि शेवटी एक फाइल भरली गेली, तर बिघाड दुसरीकडेच आहे. ‘एरर -११०’ ही मात्र वेगळी गोष्ट: कार्डाने वेळेत उत्तरच दिलं नाही. तिथे वीजबचतीच्या व्यवस्थेवर संशय घ्यावा आणि मशीन नुसतं रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करून बघावं. वाय-फायचं बटण चुकून बंद आहे का, हे ‘आरएफकिल’ ही आज्ञा सांगते. आधी तेच बघितलेलं बरं.

जुन्या कर्नलवर कार्ड चालतं आणि नव्यावर नाही, एवढं पक्कं झालं की दोषी बदल शोधायला ‘गिट बायसेक्ट’ आहे. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा प्रोग्राम. दोन आवृत्त्यांमध्ये दहा-बारा हजार बदल असले तरी दर वेळी मधोमध चिरत गेलं, की चौदाएक चाचण्यांत नेमका बदल हाती लागतो. वेळ खातं, पण मला याहून खात्रीची पद्धत माहीत नाही.

अट एकच. चाचणीने कार्ड मरता कामा नये. २००८ साली तेच होऊ लागलं होतं. सप्टेंबरमध्ये २.६.२७ या कर्नलच्या आरसी वापरणाऱ्या काही लॅपटॉपांवर इंटेलचं वायर जोडायचं कार्ड बंद पडलं, आणि जुन्या कर्नलवर परत गेल्यावरही ते उठेना. ‘एनव्हीएम चेकसम’, म्हणजे कार्डातल्या मजकुराची पडताळणीची बेरीज, चुकीची आहे, एवढाच संदेश येई. कार्डाचा पत्ता आणि मांडणी ज्या फ्लॅश चिपमध्ये असते, तिच्यातला मजकूरच खराब झाला होता. साहजिकच ‘ई१०००ई’ या इंटेलच्या ड्रायव्हरवर सगळे तुटून पडले.

चोर सोडून संन्याशाला फाशी! खरा दोष निघाला ‘एफट्रेस’मध्ये, म्हणजे कोणतं फंक्शन कधी चाललं याचा माग काढणाऱ्या सोयीत. नेटवर्कशी तिचा काडीचा संबंध नाही. फंक्शनं चालताना ती त्यांचे मेमरीतले पत्ते टिपून ठेवी आणि थोड्या वेळाने तिथला कोड बदले. पण एखाद्या मॉड्यूलची, म्हणजे कर्नलमध्ये हवा तेव्हा चढवता-उतरवता येणाऱ्या तुकड्याची, जागा मधल्या काळात रिकामी होऊन तोच पत्ता कार्डाच्या फ्लॅशला दिला गेला, तर? एफट्रेस सावध होतं: अपेक्षित मजकूर असेल तरच बदल कर, अशी प्रोसेसरची खास सूचना ते वापरत होतं. मात्र एक्स८६, म्हणजे इंटेलच्या घराण्यातला, प्रोसेसर मजकूर जुळला नाही तरी वाचलेलं तेच परत लिहितो. साध्या मेमरीत याने काही बिघडत नाही. फ्लॅशच्या रजिस्टरमध्ये लिहिणं म्हणजे मात्र चिपला हुकूम देणं.

इंटेलने ड्रायव्हरमध्येच फ्लॅशला कुलूप घातलं. २.६.२७ ऑक्टोबरमध्ये बाहेर पडला आणि काही दिवसांतच आलेल्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा तो भाग बंद केला गेला. तेव्हापासूनचा एक सल्ला अजूनही कामाचा आहे: कच्चा कर्नल चढवण्याआधी ‘ईथटूल’ या आज्ञेने कार्डातल्या चिपचा मजकूर फाइलमध्ये उतरवून ती फाइल दुसऱ्या मशीनवर ठेवावी.

लिनक्समध्ये सगळे ड्रायव्हर आणि एफट्रेससारख्या सोयी मेमरीतल्या पत्त्यांच्या एकाच जागेत राहतात, म्हणून हे घडू शकलं. १९९० पासून घडवल्या जाणाऱ्या ग्नू हर्ड या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नेटवर्कचा ड्रायव्हर साध्या प्रोग्रामसारखा स्वतंत्र चालवता येतो. तो कोसळला तर तेवढाच पुन्हा सुरू करायचा. ते ड्रायव्हर मात्र लिनक्सच्याच जुन्या २.६ मालिकेतून उसने घेतलेले आहेत, त्यामुळे तिथे लॅपटॉप नेटला जोडायचा तर वाय-फायवर न विसंबता वायर शोधून ठेवा.