पक्षाचं नाव खोडलं की न्यायाधीश निष्पक्ष?

अमेरिकेतल्या निवडून येणाऱ्या न्यायाधीशांविषयी एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: मतपत्रिकेवरून पक्षाचं नाव काढलं, की न्यायालय आपोआप निष्पक्ष होतं. तसं होत नाही.

विस्कॉन्सिनचंच घ्या. तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीत उमेदवारापुढे पक्ष छापतच नाहीत. तरी एप्रिल २०२५मध्ये सुझन क्रॉफर्ड यांच्यामागे डेमोक्रॅट आणि ब्रॅड शिमेल यांच्यामागे रिपब्लिकन उघड उभे होते. एका जागेसाठी सुमारे १० कोटी डॉलर उडाले! शिमेल यांच्या बाजूने उतरलेल्या इलॉन मस्क यांनी ग्रीन बेच्या सभेत दोघांना दहा-दहा लाख डॉलरचे चेक दिले. जिंकल्या क्रॉफर्ड. कोण कुणाचं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

खरी गोम पैशात आहे. वेस्ट व्हर्जिनियात २००४ साली मॅसी या कोळसा कंपनीच्या प्रमुखाने ब्रेंट बेंजामिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून यावेत म्हणून सुमारे ३० लाख डॉलर ओतले. पुढे त्याच न्यायालयात मॅसीविरुद्धचा ५ कोटी डॉलर भरपाईचा निकाल ३-२ने फिरला. त्या तिघांत बेंजामिन होते. त्यांनी त्या खटल्यातून बाजूला व्हायला हवं होतं, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये सांगितलं, तेही ५-४ अशा काठावरच्या बहुमताने. तेव्हा तिथे मतपत्रिकेवर पक्ष छापलेला असे. आक्षेप मात्र त्या पैशावर होता.