लिनक्स डेस्कटॉपवरील त्रयस्थ अ‍ॅप्लिकेशनांची विश्वासार्हता

लिनक्स डेस्कटॉपवरील त्रयस्थ अ‍ॅप्लिकेशने : डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारख्या मुक्तस्रोत प्रणालींवर (म्हणजे लिनक्सच्या वितरणांवर) अधिकृत रिपॉझिटरीबाहेरून, म्हणजे वितरणाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर-भांडाराबाहेरून, येणारे सॉफ्टवेअर. विक्रेत्याच्या संकेतस्थळावरची डेब किंवा आरपीएम फाइल, पीपीए (उबुंटूसाठीची खासगी भांडारे), आणि अ‍ॅपइमेज, स्नॅप व फ्लॅटपॅक हे अनेक वितरणांवर चालणारे पॅकेज-प्रकार या त्याच्या नेहमीच्या वाटा. असे अ‍ॅप किती टिकेल हे त्याच्या गुणवत्तेइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, अ‍ॅप आणि प्रणाली यांच्यामधला सांधा कोण सांभाळते यावर ठरते.

अधिकृत पॅकेजच्या बाबतीत ती जबाबदारी वितरणाच्या देखभालकर्त्यावर असते. तो मूळ स्रोत घेऊन त्याच वितरणातल्या लायब्ररींसोबत (अनेक प्रोग्राम वापरतात त्या समाईक कोडसोबत) पॅकेज बांधतो. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत या लायब्ररी जवळपास गोठवलेल्या असतात. सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात. बाहेरचे अ‍ॅप भलत्याच प्रणालीवर बांधलेले असते, आणि खालच्या लायब्ररी बदलल्या की त्याच्याकडे पाहायला वितरणातले कोणी नसते.

अ‍ॅप बंद पडले की दोष कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, माथी मारला जातो, पण तो बहुधा तिथे नसतो. कर्नलमधल्या बदलामुळे चालता प्रोग्राम बंद पडता कामा नये, हा लिनक्स कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम कसोशीने पाळला जातो. अडचण वरच्या थरांत आहे. ग्लिबसी या जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणाऱ्या पायाभूत लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्राम सहसा नव्यावर चालतो, उलट मात्र होत नाही. म्हणून जाणते विकासक मुद्दाम जुन्या वितरणावर बांधणी करतात. तीही नेहमी पुरत नाही. २०२२ मध्ये ग्लिबसी २.३६ च्या बांधणीतून डीटी_हॅश हा लायब्ररीतली फंक्शने शोधण्याचा जुना तक्ता वगळला गेला आणि ईझी अँटी-चीट ही गेममधली फसवणूक रोखणारी प्रणाली वापरणारे गेम अडकले. नवा तक्ता कित्येक वर्षे उपलब्ध होता, तरी कोणीतरी जुन्यावरच विसंबून होते. त्याच वर्षी उबुंटू २२.०४ ने ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीची ३ ही आवृत्ती स्वीकारल्यावर आधीच्या १.१ मालिकेवर बेतलेली अ‍ॅप्स सुरू होईनात. अ‍ॅपइमेज उघडायला लागणारी फ्यूजची जुनी लायब्ररीही त्यात आपोआप बसवलेली नव्हती, त्यामुळे कुठेही चालावे म्हणून बनवलेल्या अनेक अ‍ॅपइमेज फाइली उघडेनात.

हा त्रास खुद्द टोरवाल्ड्स यांनाही झाला. २०१४ मध्ये डेबकॉन्फ या डेबियनच्या परिषदेत त्यांनी सबसरफेस या आपल्या डायव्हिंगच्या अ‍ॅपचे उदाहरण दिले होते : विंडोज आणि मॅकसाठी तयार बायनरी (थेट चालणारी फाइल) देणे जमते, लिनक्ससाठी मात्र वितरणागणिक वेगळी बांधणी करावी लागते. यावर एक समाईक मानक हा उपाय लिनक्स स्टँडर्ड बेसच्या रूपाने २००१ पासून करून पाहिला गेला, पण सॉफ्टवेअर विक्रेत्यांनी तो फारसा उचलला नाही आणि २०१५ मध्ये डेबियननेही त्याचा बहुतांश भाग सोडून दिला. आज लिनक्सवर जुने गेम चालवण्याची सर्वांत भरवशाची वाट कित्येकदा विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारे वाइन आणि त्यावर बेतलेला, २०१८ मध्ये आलेला प्रोटॉन यांच्यातून, म्हणजे विंडोजच्या बायनरीतून जाते. मुक्तस्रोत डेस्कटॉपवर प्रेम असणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यायला हवे.

कर्नलच्या आत बसणाऱ्या त्रयस्थ मोड्यूलांना (जोडभागांना) टोरवाल्ड्स यांचा वरचा नियम लागू नाही, कारण कर्नलचे अंतर्गत इंटरफेस जाणूनबुजून बदलते ठेवले आहेत. एनव्हिडियाचे ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्सची मोड्यूले नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावी लागतात. डीकेएमएस नावाचे साधन हे काम आपोआप करते. ते फसले तर प्रणाली अद्ययावत केल्यानंतर पडदा काळा दिसू शकतो.

अधिकृत ते सारे निर्धोक, असेही मानू नये. डेबियनने २००६ मध्ये ओपनएसएसएलमध्ये केलेल्या एका बदलामुळे कूटलेखनाच्या गुप्त चाव्यांचा (कीजचा) अंदाज बांधता येण्याजोगा झाला आणि ते २००८ पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. मूळ प्रकल्पात तो दोष नव्हताच. दुसऱ्या बाजूला, २०१८ मध्ये स्नॅप स्टोअरमधल्या एका गेममध्ये वापरकर्त्याच्या संगणकावर कूटचलन मिळवणारा (मायनिंगचा) छुपा कोड सापडला, आणि त्याच वर्षी आर्च लिनक्सच्या वापरकर्ता-रिपॉझिटरीत एका बेवारस पॅकेजचा ताबा घेऊन त्यात घातक कोड घालण्यात आला. पॅकेज कोणालाही चढवता येणे हे अशा ठिकाणांचे बळही आहे आणि धोकाही.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप अ‍ॅपला लायब्ररींचा ठरलेला संच देतात आणि त्याला सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी प्रणालीपासून वेगळ्या कप्प्यात, बंदिस्त ठेवतात. वितरण बदलले तरी अ‍ॅप चालते, हा मोठा लाभ. पण संपूर्ण होम फोल्डरची परवानगी मागणारे अ‍ॅप नावापुरतेच बंदिस्त असते, आणि सोबत आणलेल्या लायब्ररीत दोष निघाला तर अ‍ॅप पुन्हा बांधणे विकासकाच्याच हाती राहते.

हा पेच २०२५ च्या सुरुवातीला ओबीएस स्टुडिओ या व्हिडिओ रेकॉर्डिंग व प्रक्षेपणाच्या अ‍ॅपच्या निमित्ताने चव्हाट्यावर आला. फेडोराने स्वतः बांधलेले त्याचे फ्लॅटपॅक नीट चालत नव्हते आणि तक्रारी मात्र मूळ प्रकल्पाकडे येत होत्या. विकासकांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, मग चर्चेतून वाद मिटला. इथे त्रयस्थ ठरले वितरणच. फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या भांडारातील विकासकांच्या बांधणीवरही आक्षेप होता : तिचा रनटाइम (अ‍ॅपखालचा लायब्ररींचा संच) मुदत संपलेला होता. क्यूटी या खिडक्या-बटणे दाखवणाऱ्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीतल्या दोषांमुळे त्यांनी तो जाणूनबुजून धरून ठेवला होता. म्हणजे जे अ‍ॅप चालायला अधिक भरवशाचे, त्याच्याच खालच्या लायब्ररींना सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे थांबले होते. फ्लॅटपॅक अशा रनटाइमबद्दल सूचना देते, पण बरेच वापरकर्ते ती न वाचताच पुढे जातात.