शासकीय डेटा मायनिंग

शासकीय डेटा मायनिंग : नागरिकांविषयीच्या प्रचंड माहितीसाठ्यांतून संगणकाच्या साहाय्याने संशयास्पद वाटणारे व्यवहार, संबंध किंवा व्यक्ती हुडकून काढण्याची सरकारी यंत्रणांची पद्धत. कर, बँक, प्रवास, दूरध्वनी अशा निरनिराळ्या कारणांसाठी झालेल्या नोंदी तीत एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. एरवीच्या तपासात आधी संशयित असतो, मग त्याची माहिती काढली जाते. येथे आधी सगळ्यांची माहिती चाळतात आणि तिच्यातून संशयित निघतो. वादाची खरी मेख या उलट्या क्रमात आहे.

या पद्धतीचे जुने उदाहरण पश्चिम जर्मनीतले आहे. ‘रेड आर्मी फॅक्शन’ या दहशतवादी गटाचे लोक खोट्या नावाने घरे घेत आणि विजेचे बिल रोखीने भरत. केंद्रीय पोलीस यंत्रणेचे प्रमुख होर्स्ट हेरोल्ड यांच्या काळात फ्रँकफर्टमधल्या रोख बिल भरणाऱ्या ग्राहकांची यादी घेण्यात आली. रहिवासी नोंद, वाहन नोंदणी वगैरेंवरून ज्यांची नावे खरी ठरली ती गाळत गेल्यावर मोजकीच उरली आणि त्यांतून १९७९ मध्ये या गटाचा रोल्फ हाइसलर सापडला. सप्टेंबर २००१ नंतर हेच तंत्र वय, धर्म आणि शिक्षण यांवरून मुस्लिम तरुणांना चाळण्यासाठी वापरले गेले. एकही दहशतवादी हाती लागला नाही. पहिल्या वेळी पोलिसांकडे नेमका धागा होता, दुसऱ्या वेळी नुसते वर्णन. ठोस धोका असल्याखेरीज अशी चाळणी घटनाबाह्य ठरते, असे तिथल्या घटना न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले. याच न्यायालयाने १९८३ च्या जनगणना निकालात, यंत्रे माहिती जोडू लागल्यावर कोणतीही माहिती ‘किरकोळ’ राहत नाही, असे म्हटले होते.

अमेरिकेत निरनिराळ्या नोंदी जोडून दहशतवादी हुडकण्याच्या ‘टोटल इन्फर्मेशन अवेअरनेस’ या संरक्षण खात्याच्या प्रकल्पाचा निधी संसदेने २००३ मध्ये बंद केला, पण माहिती गोळा करणे थांबले नाही. कोट्यवधी दूरध्वनींच्या नोंदी रोज राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडे जात असल्याचे २०१३ मध्ये या संस्थेसाठी कंत्राटी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी फोडलेल्या कागदपत्रांतून उघड झाले. संभाषण ऐकले जात नाही, केवळ कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला एवढेच नोंदले जाते, हा सरकारचा खुलासा होता. तो फारसा दिलासा देणारा नाही : कर्करोग रुग्णालय, वकील आणि विमा कंपनी यांना एकाच दुपारी लागोपाठ केलेले फोन न ऐकताही पुरेसे बोलके असतात. या कार्यक्रमामुळे दहशतवादाच्या एखाद्या तपासाचा निकाल प्रत्यक्ष बदलल्याचे उदाहरण सापडले नाही, असा अहवाल सरकारच्याच देखरेख मंडळाने २०१४ मध्ये दिला. २०१५ च्या कायद्याने सरकारकडचा हा सरसकट संग्रह बंद झाला.

समर्थकांचा नेहमीचा प्रश्न, ‘लपवण्यासारखे नाही तर भीती कसली?’ त्याला उत्तर साध्या गणितात आहे. एक कोटी लोकांत १०० गुन्हेगार आहेत आणि चाळणी ९९ टक्के अचूक आहे असे धरले, तर ९९ गुन्हेगारांबरोबर सुमारे एक लाख निरपराधही अडकतात. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यातली फसवणूक शोधताना जोखीम ठरवणारी प्रणाली राष्ट्रीयत्वही विचारात घेत होती. हजारो निर्दोष कुटुंबांवर फसवणुकीचा ठपका ठेवून वसुली लावली गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. करचुकवेगिरी किंवा बनावट लाभार्थी शोधण्यात हे तंत्र उपयोगी पडते, हे मात्र टीकाकारही नाकारत नाहीत.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार, वैध हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच उपाय, या कसोट्या लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी सरकारी यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याचा अधिकार केंद्राकडेच ठेवला आहे.