सुशिक्षण (ख्रिस्ती धर्म)

प्रेषितांपासून (येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांपासून) चालत आलेल्या, शास्त्राला धरून असलेल्या शिकवणीसाठी मराठी बायबलमध्ये योजलेला शब्द. 'सुशिक्षित' या रूढ शब्दाशी त्याची गल्लत होऊ नये. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे 'निरोगी' शिकवण. हायजीन हा शब्द त्याच कुळातला. बायबलमधील तीमथ्य व तीत (पौलाचे सहकारी) यांना लिहिलेल्या पत्रांत 'सुशिक्षण' येते. शिकवण बरोबर की चूक एवढेच तिथे विचारलेले नाही. ती मंडळीच्या (ख्रिस्ती समुदायाच्या) अंगी लागते की बाधते, हेही पाहिले आहे. म्हणूनच १ तीमथ्य १:१० मध्ये सुशिक्षणाच्या विरुद्ध जाणाऱ्यांत माणसे पळवून विकणारे आणि लबाड येतात, तर तीत २ मध्ये सुशिक्षणापाठोपाठ म्हाताऱ्यांच्या आणि तरुणांच्या वागणुकीचा विषय निघतो. सिद्धांत हे केवळ पंडितांचे काम, हा समज या पत्रांतून तरी निघत नाही.

कोणती शिकवण निरोगी, या प्रश्नाची सर्वांत मोठी कसोटी चौथ्या शतकात लागली. पुत्र (म्हणजे ख्रिस्त) हा देवाने निर्माण केलेला आहे, असे अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस शिकवू लागला. पुढे तिथलाच बिशप झालेल्या अथनेशियसचा आक्षेप थेट उपासनेवर बोट ठेवणारा होता: ख्रिस्त निर्मित असेल तर त्याची आराधना ही निर्मितीचीच पूजा ठरते, आणि निर्मित तारणारा कोणाला तारणार? ३२५ मध्ये निकेया (आजचे तुर्कस्तानातील इझ्निक) येथील परिषदेने पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' असल्याचे ठरवले. हा शब्द बायबलमध्ये नाही, ही तक्रार तेव्हाही झाली. सम्राट कॉन्स्टंटाइनने एरियसला हद्दपार केले. पुढे वारे फिरले आणि अथनेशियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. सत्तेच्या आधाराने शिकवण राखण्याची ही सवय चर्चला महागात पडली. ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपल परिषदेशी जोडलेला विस्तारित मतांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) आजही अनेक चर्चमध्ये उपासनेत म्हटला जातो.

मराठीत शिकवण रुजवण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण (१६१६). पंडिता रमाबाईंची वाट वेगळी. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) शिकवणीवर आणि चर्चच्या अधिकारावर पत्रांतून शंका घेतल्या. भारतीय पुरोहितशाहीचे जोखड उतरवल्यावर दुसरे मानेवर घ्यायची त्यांची तयारी नव्हती. पुढे त्यांनी बायबल मूळ भाषांतून मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.