नाकातल्या काडीत व्हायरस सापडला, तरी अँटिबायोटिक का थांबत नाही?

पोराला ताप आहे, नाक वाहतंय, रात्रभर खोकून घर जागं ठेवलंय, आणि दवाखान्यात नाकात काडी फिरवून पंधरा-वीस मिनिटांत कळलं की व्हायरस आहे. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही हे कोविडनंतर सगळ्यांनाच पाठ झालंय. मग सरळ हिशोब असा निघतो की टेस्ट जितक्या जास्त तितकं अँटिबायोटिक कमी. डॉक्टर लोकांनाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. पण प्रत्यक्ष मोजून बघितलं तर तसं झालंच नाही, आणि मला त्यातली खरी गंमत इथेच वाटते.

फिनलंडमध्ये औलू नावाच्या गावातल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलने १२४३ मुलं घेतली, सगळी ताप नाहीतर सर्दी-खोकला-धाप म्हणून इमर्जन्सीत आलेली. चिठ्ठ्या टाकतात तसे दोन गट पाडले. एका गटात आल्याआल्या टेस्ट, दुसऱ्यात डॉक्टरला वाटली तरच. टेस्ट साधी पट्टीवाली नव्हती, मशीनवर होणारी पीसीआर होती, १८ व्हायरस आणि ३ बॅक्टेरिया एकदम शोधणारी, साधारण सव्वा तासात रिपोर्ट. २०२२ मध्ये निकाल छापून आला: टेस्टवाल्या गटात २७.३ टक्के मुलांना अँटिबायोटिक मिळालं आणि दुसऱ्या गटात २८.५ टक्के मुलांना. म्हणजे फरक नाहीच म्हणा. त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये ९०८ मुलांवर असाच प्रयोग झाला, तिथे स्वॅब सगळ्यांचे घेतले पण रिपोर्ट निम्म्या मुलांच्याच डॉक्टरांना दाखवला. तिथे तर रिपोर्ट माहीत असलेल्यांनाच अँटिबायोटिक थोडं जास्त गेलं! फरक फार मोठा नव्हता, पण कमी व्हायचं सोडून उलटीकडे गेला.

असं का होतं हे कळायला आधी दवाखान्यातल्या त्या पंधरा-वीस मिनिटांच्या साध्या पट्टीत काय चालतं ते बघू, पीसीआरकडे नंतर येऊ. स्वॅब नाकात चांगला मागेपर्यंत जातो, पोराला आईच्या मांडीवर बसवून एक हात कपाळावर आणि एक हात दोन्ही हातांभोवती असं धरावं लागतं, नाहीतर काडी निम्म्यातूनच बाहेर येते आणि मग निगेटिव्ह रिपोर्टला काही अर्थ उरत नाही. काडी छोट्या ट्यूबमधल्या पाण्यासारख्या लिक्विडमध्ये घोळवायची, ट्यूब बाहेरून दाबून काडी पिळायची आणि तीन-चार थेंब पट्टीवर सोडायचे. पट्टीत सोन्याचे अतिबारीक कण असतात, त्यांना अँटिबॉडी चिकटवलेल्या. व्हायरसचं प्रोटीन असेल तर ते या कणांना धरून पुढे सरकतं आणि टी रेघेवरच्या दुसऱ्या अँटिबॉडीत अडकतं, तिथे कण गोळा झाले की लालसर रेघ दिसते. कधीकधी ती रेघ इतकी फिकट येते की ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघावी लागते.

मुलांच्या नाकात व्हायरस मोठ्यांपेक्षा जास्त असतो म्हणून ही पट्टी मुलांमध्ये जरा बरी चालते. आरएसव्ही, म्हणजे तान्ह्या बाळांना धाप लावणारा व्हायरस, तो मुलांमध्ये साधारण ८० टक्के वेळा पकडला जातो, मोठ्यांमध्ये ३० टक्केसुद्धा नाही. फ्लूच्या पट्टीचं मात्र अवघड आहे. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तर ती ६२ टक्क्यांच्या आसपास फ्लू पकडते. पॉझिटिव्ह आली तर बिनधास्त विश्वास ठेवा, निगेटिव्ह आली तर फ्लू नाहीच असं नाही. आणि घोळ इथेच सुरू होतो, कारण निगेटिव्ह बघितलं की आई-बाप आणि डॉक्टर दोघांच्याही डोक्यात येतं की व्हायरस नाही म्हणजे बॅक्टेरियाच असणार, द्या अँटिबायोटिक. प्रत्यक्षात काडी नीट गेलेली नसते, नाहीतर त्या पट्टीत नसलेला तिसराच कुठला व्हायरस असतो.

पीसीआरचा घोळ बरोबर उलटा. ती इतकी तिखट असते की व्हायरसचे मेलेले तुकडेसुद्धा पकडते. ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे साध्या सर्दीचा व्हायरस, शाळेत उड्या मारणाऱ्या ठणठणीत पोरांच्या नाकातसुद्धा सर्रास सापडतो, कधी मागच्या सर्दीचा उरलेला, कधी काहीच त्रास न देणारा. मग आज ताप आलेल्या पोराच्या नाकात तो सापडला तर ताप त्याच्यामुळेच आहे का कानात पू झालाय म्हणून आहे? मशीन हे सांगत नाही. व्हायरस असताना वरून बॅक्टेरियाचा न्यूमोनिया होऊ शकतो हे प्रत्येक डॉक्टरला माहीत असतं, आणि शंभरातलं ते एक पोरगं आपल्या हातून सुटू नये ही भीती रिपोर्टने जात नाही.

आता आपल्या सोलापुरात या. इथे बहुतेक सर्दी-खोकला टेस्टपर्यंत पोचतच नाही, मल्टिप्लेक्स पीसीआर, म्हणजे एकदम बरेच व्हायरस शोधणारी ती मशीनची टेस्ट, काही हजारांत जाते, ती कोण करणार. अशोक चौकाकडच्या किंवा विडी घरकुलमधल्या आईचा विचार करा, मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, पोराला घेऊन दवाखान्यात बसली तेवढ्या विड्या कमी. लूमवर (यंत्रमागावर) जाणाऱ्या बापाचा खाडा वेगळाच. ती म्हणते, "डॉक्टर, पावरचं लिहून द्या की ओ, परत परत यायला जमत नाही." मला यात अडाणीपणा दिसत नाही, तिचा हिशोब तिच्या जागी बरोबर आहे. दोन दिवस थांबून परत या हा सल्ला फुकट नसतो, त्याची किंमत तिच्या मजुरीतून जाते, आणि हे लक्षात न घेता नुसती जनजागृतीची पोस्टर लावली तर काही होत नाही. अँटिबायोटिकच्या पाकिटावर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून, ती मोहीम २०१६ची. आजही कितीजण ती रेघ बघून थांबतात?

शिवाय औषधाने गुण येतो असा अनुभव लोकांना खरंच येतो, कारण व्हायरसचा ताप बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतो आणि अँटिबायोटिक सुरू होतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. श्रेय औषधाला. हिरव्या शेंबडाचंही तसंच. तो हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन वाढलं असं घरोघरी म्हणतात, पण तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा, त्यांच्यातल्या एका लोहवाल्या एन्झाइमचा रंगच हिरवा असतो, व्हायरसच्या सर्दीतही पेशी येतातच. आणि खोकला? दहापैकी नऊ पोरांचा खोकला पूर्ण जायला २५ दिवसांपर्यंत लागतात, पंचवीस! आठव्या दिवशी डॉक्टर बदलणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा. (गड्ड्याच्या, म्हणजे होम मैदानावरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, धुळीला शिव्या देणाऱ्यांनीही. धुळीने खोकला वाढतो हे खरं, पण ताप तिथल्या गर्दीत कोणीतरी तोंडावर शिंकल्यामुळे येतो.)

फ्रिजवरून आठवलं, फ्रिजच्या दारात उरलेली अँटिबायोटिकची अर्धी बाटली किती घरांत असते. ती पावडर असते, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायची, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटसारखं औषध एकदा कालवलं की फ्रिजमध्येसुद्धा सातच दिवस टिकतं. ती बाटली पुढच्या महिन्यात धाकट्याला अंदाजे चमचाभर दिली जाते, म्हणजे औषध शिळं, डोस चुकीचा आणि आजार बहुतेक व्हायरसचा. जुलाब लागतात ते वेगळं, आणि पोटातले बॅक्टेरिया त्या औषधाला सरावतात ते दिसतसुद्धा नाही.

मग टेस्ट बिनकामाची का? तसं नाही. फ्लू पॉझिटिव्ह आला आणि बाळ लहान किंवा जास्त आजारी असेल तर ओसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलेलं चांगलं. वॉर्डात आरएसव्हीचं बाळ कुठल्या कॉटवर ठेवायचं हे टेस्टमुळे ठरतं, नाहीतर शेजारचंही आजारी पडतं. फक्त अँटिबायोटिक कमी करायला दुसरी गोष्ट मोजलेली बरी असं दिसतंय. व्हिएतनाममध्ये हनोईजवळच्या साध्या आरोग्य केंद्रांत बोटातल्या रक्ताच्या थेंबावर सीआरपी नावाचं प्रोटीन मोजून बघितलं, मुलं-मोठे मिळून, तर न मोजलेल्या गटात ७८ टक्के लोकांना अँटिबायोटिक गेलं आणि मोजलेल्या गटात ६४ टक्के. सीआरपी व्हायरसचं नाव विचारत नाही, अंगात सूज-दाह किती आहे ते सांगतो, आणि डॉक्टरला थांबायला आधार तोच देतो. ६४ सुद्धा भरपूरच आहे म्हणा.

आणि एक टेस्ट घरची, तिला पैसे लागत नाहीत. पोरगं शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, बनियन वर करून पोट बघायचं आणि मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून श्वास मोजायचे, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल तर डॉक्टरकडे न्यायचं. आकडा कितीही असू दे, पोट उडत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळे दिसत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा नुसतं झोपूनच राहत असेल, नाहीतर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सिव्हिल नाहीतर जवळचं मुलांचं हॉस्पिटल गाठायचं, आणि वाटेत मेडिकलवर थांबायचं नाही.